पैलवानाचा खुराक आणि कपड्यावरचं नाव



दहीहंडीच्या दिवशी आमच्या घोडपदेव, काळाचौकी, लालबाग भागात गोविंदा पथकं निघाली की त्यांचे टी-शर्ट वाचण्यासारखे असतात. छातीवर पथकाचं नाव, पाठीवर पुढाऱ्याचा फोटो, बाहीवर एखाद्या सोनाराचं नाहीतर बिल्डरचं नाव. तुमच्या गावच्या जत्रेत कुस्तीच्या मैदानाभोवती असेच फ्लेक्स लागतात. 'पहिल्या नंबरची कुस्ती अमुक यांच्यातर्फे.' हे बघून पुष्कळ जणी म्हणतात, आपल्या मातीतल्या खेळाचा बाजार झाला, पूर्वी असं नव्हतं.

पूर्वी कसं होतं, तेच आज बघू या. कुस्तीपुरतंच बोलू. पैलवानाला आजवर कुणी पोसलं आणि नाव कुणाचं लागलं, एवढं तपासू.

कारण कुस्ती वरून स्वस्त दिसते, पण तशी ती नाही. लंगोटाला काय पैसे लागतात? आखाड्यात तांबडी माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू. तेवढंही गावात जमतं. खरा खर्च असतो खुराकाचा. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, आणि तेही रोज, वर्षानुवर्षं. शिवाय ज्या वयात मुलगा घरात कमवून आणायचा, त्या वयात तो जोर-बैठका काढत असतो. म्हणजे त्याच्या वाटचं काम दुसरं कुणीतरी उचलतं. म्हणून पैलवानामागे कुणीतरी उभं असावंच लागतं.

पहिला उभा राहिला राजा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना स्वतःला कुस्तीचा नाद होता. त्यांनी पैलवानांना आश्रय दिला, तालमी वाढवल्या, बाहेरचे नामांकित मल्ल कोल्हापुरात आणले. त्यांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ साली पुरं झालं. मधोमध खाली आखाडा आणि चहूबाजूंनी चढत गेलेली बैठक, म्हणजे शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी. त्या काळी पैलवानाच्या अंगावर कुणाचं नाव छापलेलं नव्हतं. पण तो कुणाचा पैलवान आहे हे सगळ्यांना ठाऊक असायचं. दरबारचा पैलवान जिंकला की दरबाराची शान वाढायची. मैत्रिणींनो, नाव तेव्हाही होतंच. फक्त ते कापडावर नव्हतं, लोकांच्या तोंडी होतं.

मग राजे गेले. तेव्हा काय झालं ते खाशाबा जाधवांच्या गोष्टीत लख्ख दिसतं. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे ते सहावे आले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पुढचं ऑलिंपिक १९५२ साली फिनलंड देशात हेलसिंकीला होतं, आणि आता मागे दरबार नव्हता. खाशाबांसाठी लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी तिथे ब्राँझपदक जिंकलं. स्वतंत्र भारताच्या एका खेळाडूनं एकट्यानं मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परत आल्यावर दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मग खाशाबा कुस्त्या खेळले, त्या बक्षिसातून प्राचार्यांचं घर सोडवायला.

गहाणाचा अर्थ आपल्या गटातल्या बायकांना कुणी समजावायला नको. एका माणसाच्या घरावर देशाचं पदक उभं राहिलं. अंगावर कुणा कंपनीचं नाव नव्हतं हे खरं, पण त्या कोऱ्या कापडामागे कर्ज होतं. 'तेव्हा सगळं कसं शुद्ध होतं' असं म्हणताना हे विसरू नये.

आता मुंबईत या. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथली माणसं गिरणीत कामाला लागली, तशा त्यांच्या तालमी आणि व्यायामशाळाही परळ, लालबाग, घोडपदेव भागात आल्या. पाळी संपवून आलेला पोरगा संध्याकाळी आखाड्यात उतरायचा. तालमीला पैसे द्यायचे ते गल्लीतले दादा, गिरणीतले मुकादम-जॉबर, मंडळं. त्यांचीही नावं व्हायची. मुकादमाची तालीम म्हटली की त्याचा दबदबा वाढायचा.

पण त्या पोराला जेवायला कोण घालत होतं? बहुतेक कामगार बायको-मुलांना गावी ठेवून एका खोलीत आठ-दहा जण राहायचे. त्यांची पोटं खाणावळवाल्या भरायच्या. घरातच चूल, पंधरा-वीस माणसांचं दोन वेळचं रांधणं, पैसे पगाराच्या दिवशी. तोवर वाण्याची उधारी बाईच्या माथ्यावर. १९७४ च्या गिरणी संपात कामगारांना पगार नव्हता, तरी या बायकांनी जेवण थांबवलं नाही. त्या स्वतः सावकाराच्या कर्जात बुडाल्या. त्यातूनच १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांची ती थोरली बहीणच. पुढे १९८२ चा मोठा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आणि गिरणगावातल्या तालमींचं बळही ओसरलं.

जॉबरचं नाव तालमीला लागलं, दादाचं लागलं. रांधणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच तालमीच्या भिंतीवर आम्हाला दिसत नाही. पोसणाऱ्यांचा इतिहास सांगायचा तर ही ओळ आपणच लिहायला हवी.

आणि बाई स्वतःच पैलवान असेल तर? हमीदा बानो ही उत्तरेकडची पैलवान १९४०-५० च्या काळात पुरुषांशी कुस्त्या खेळायची. जो मला हरवेल त्याच्याशी लग्न करीन, असं तिचं आव्हान असायचं. १९४४ साली मुंबईत तिची आणि गुंगा पैलवानाची कुस्ती ठरली, तेव्हा २०,००० च्या आसपास माणसं जमली. ऐनवेळी गुंगाने जादा पैसे आणि तयारीला वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मोडतोड केली. १९५४ साली तिने मुंबईतच वेरा चिस्तिलिन या रशियन पैलवान बाईला मिनिटाच्या आत हरवलं. तिचे पैसे तिकिटावर होते. मागे ना दरबार, ना सरकारी नोकरी, ना संघटना. कुस्ती थांबली तशी कमाई थांबली. पुढे ती कल्याणला राहिली, दूध विकून गुजराण केली आणि शेवटी रस्त्यावर घरचे खाद्यपदार्थही विकले. दूध पिऊन मोठी झालेली पैलवान म्हातारपणी दूध विकत होती. खाशाबांना निदान १९५५ साली पोलीस खात्यात नोकरी मिळाली.

पश्चिम महाराष्ट्रात मात्र राजाची जागा हळूहळू साखर कारखान्यांनी, दूध संघांनी घेतली. पैलवानांना मानधन, जत्रेच्या कुस्त्यांना इनाम. वारणानगरला दर डिसेंबरात तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतीसाठी मोठं मैदान भरतं. तिथल्या किताबांची नावं ऐका: 'वारणा साखर शक्ती', 'वारणा दूध संघ शक्ती'. टी-शर्टावर नाव छापायचीही गरज नाही. जिंकणाऱ्याच्या किताबातच साखर आणि दूध आहे. आणि ते दूध संघाला घालतं कोण? पहाटे उठून म्हशी पिळणाऱ्या आपल्यासारख्याच. म्हणजे त्या किताबात थोडा वाटा आपलाही आहे.

मग आली गादीवरची कुस्ती. मातीतल्या लंगोटावर नाव छापायला जागाच नव्हती. ऑलिंपिकच्या कुस्तीत गादी आली, अंगाला घट्ट बसणारा पोशाख आला, आणि पोशाख आला तशी जाहिरातीला जागा आली. २०१८ साली टाटा मोटर्स भारतीय कुस्ती महासंघाची मुख्य प्रायोजक झाली. त्याच वर्षी महासंघाने पहिल्यांदा पैलवानांशी वर्षाचे करार केले. वरच्या श्रेणीला ३० लाख रुपये. त्या श्रेणीत बजरंग पुनिया होता, आणि विनेश फोगाट व पूजा ढांडा याही होत्या. बाईला आणि पुरुषाला एकाच रांगेत, एकच रक्कम. शेतमजुरीला गेल्यावर बाईला अजून किती कमी हजेरी मिळते ते आठवा, म्हणजे याची किंमत कळेल. कंपनीचा पैसा आला म्हणजे सगळं बिघडलंच, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. टोकियो ऑलिंपिकनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, महासंघाने विनेशला तात्पुरतं निलंबित केलं. तिच्यावर जे ठपके ठेवले त्यातला एक होता कपड्याचा. महासंघाचा करार शिव नरेश या कंपनीशी होता आणि विनेश नायकीचा पोशाख घालून उतरली, असं त्यांचं म्हणणं. तिने माफी मागितली, महिनाअखेर ताकीद देऊन प्रकरण मिटलं. कोण बरोबर, कोण चूक यात आम्ही पडत नाही. आम्हाला एवढंच दिसतं की करारावर सही महासंघाची होती आणि कापड पैलवानाच्या अंगावर होतं. ज्याच्या अंगावर नाव छापायचं, त्याला त्या करारात किती बोलता आलं, हा खरा प्रश्न आहे.

परदेशात काय करतात? जपानमध्ये केंडो नावाचा खेळ आहे, बांबूच्या तलवारीचा. तिथे खेळाडूच्या कमरेपुढे एक कापड असतं, त्यावर त्याचं आडनाव आणि त्याच्या तालमीचं किंवा गावाचं नाव. तिथे मान त्यांचा. त्याच देशातल्या सुमो कुस्तीत कंपन्यांचा पैसा भरपूर येतो, पण रीत वेगळी. कुस्तीच्या आधी कंपन्यांच्या नावाचे झेंडे आखाड्याभोवती फिरवतात आणि बाहेर नेतात. मग कुस्ती होते. जिंकणाऱ्याच्या हातात तिथेच, आखाड्यातच, पैशांची पाकिटं पडतात. लढताना नेसलेल्या लंगोटावर जाहिरात नाही. कंपनीचं नाव सगळ्यांनी वाचलं, पैसा लढणाऱ्याला मिळाला, अंग मात्र त्याचं त्याच्याकडे राहिलं. आपल्या जत्रेतही इनाम पुकारून पैलवानाच्या हातात द्यायची रीत आहेच. ती चांगली रीत आहे, जपावी.

आता हे सगळं आपल्या कामाचं का? कारण आपल्या मुली आखाड्यात उतरू लागल्या आहेत. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली, आणि तुंगच्या, म्हणजे सांगलीजवळच्याच, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मध्ये ६२ वर्षं गेली. आता मुलीला खुराक लागणार, आणि तो द्यायला कुणीतरी पुढे येणार. कधी कारखाना, कधी पुढारी, कधी दुकानदार. आमच्या गटांकडेही हळदीकुंकवाला, मुलींच्या स्पर्धांना बॅनर लावायला कंपन्यांची माणसं येतात. तेव्हा लाजू नये, आणि हुरळूनही जाऊ नये. चार गोष्टी विचाराव्यात.

एक, पैसे किती आणि किती महिने? एका दिवसाचा फ्लेक्स आणि वर्षभराचं दूध यात फार अंतर आहे. दोन, पैसे कुणाच्या खात्यात? मुलीच्या किंवा तिच्या आईच्या खात्यात यावेत, मध्ये कुणाच्या खिशातून नव्हे. तीन, मुलीला दुखापत झाली तर पैसे थांबणार का? हे आधी विचारून कागदावर घ्यावं. चार, नाव कुठे लागणार? मैदानाच्या कडेला खुशाल लागू दे. मुलीच्या अंगावर लावायचं असेल तर तिला आणि तिच्या घरच्यांना विचारूनच. आणि तंबाखूवाल्याचं नाव तर नकोच. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला आणि तिच्यासाठी खेळ पुरस्कृत करायला बंदीच आहे. तसा फ्लेक्स दिसला तर गटाने ग्रामपंचायतीला लेखी कळवावं.

आणखी एक सुचवतो. जत्रेच्या कुस्त्यांची यादी ठरते तेव्हा यात्रा कमिटीपुढे जा. मुलींची एक कुस्ती लावायला सांगा, मुलांच्या बरोबरीच्या इनामाची. इनामाला गटाने आपल्या बचतीतून जमेल तेवढे घालावेत, पन्नास-शंभर रुपये सभासदामागे. आणि पुकारणाऱ्याला चिठ्ठी द्या, म्हणजे तो माईकवर म्हणेल: ही कुस्ती गावच्या महिला बचत गटातर्फे. आजवर खुराक आपण रांधला, म्हशी आपण पिळल्या. एकदा नावही आपलं पुकारू दे.