कोड कुणाच्या नावाचा?

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या मोठ्या कंपनीचा हॉटेलचा कोड फिरू लागतो. तो टाकला की खोलीचं भाडं कमी दिसतं. कोड कुणीही टाकू शकतो, खरी तपासणी काउंटरवर होते: कंपनीचं ओळखपत्र दाखवा. नसेल तर पूर्ण भाडं भरा. यात हॉटेलवाल्याचं काही चुकत नाही. कंपनीची माणसं वर्षभर उतरतात, म्हणून त्यानं कंपनीला दर कमी दिलेला असतो. तुम्हा-आम्हाला नव्हे.

विद्यार्थ्यांना वाटतं, ही भानगड इंटरनेटनं आणली. रोमन साम्राज्यातही ती होती. सरकारी कामावर निघालेल्याला 'दिप्लोमा' नावाचा परवाना मिळे आणि त्यावर वाटेतल्या ठाण्यांत जनावरं, गाड्या मिळत. आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी यानं इ. स. ११० च्या सुमारास बादशहा ट्रेजनला पत्रानं विचारलं, मुदत संपलेला परवाना चालेल का? उत्तर आलं, नाही. पुढं प्लिनीच्या बायकोचे आजोबा वारले. तिला आत्याकडे तातडीनं जायचं होतं. त्यानं परवाना आधी दिला, बादशहाला नंतर कळवलं. ट्रेजननं मान्यता दिली. सुभेदाराची बायको होती म्हणून निभावलं, असं मला वाटतं.

मंगोलांच्या राज्यात मात्र हे प्रकरण रयतेच्या जिवावर आलं. त्यांच्या डाकव्यवस्थेला 'याम' म्हणत. हातात 'पाइझा' नावाची धातूची पट्टी असली की ठाण्यावर घोडा, जेवण, मुक्काम हक्कानं मिळे. राजघराण्यातले लोक या पट्ट्या व्यापाऱ्यांनाही वाटू लागले. १२५१ मध्ये मोंगके खान गादीवर आला, तेव्हा त्यानं जुने पाइझे परत मागवले आणि व्यापाऱ्यांना डाकेचे घोडे वापरायला मनाई केली: तुम्ही नफ्यासाठी फिरता, स्वतःच्या जनावरावर फिरा.

तरी इराणात रोग परत उफाळलाच. सरकारी दूताला तिकडं 'एल्ची' म्हणत. आपल्या मराठीतला आणि उर्दूतला एलची तो हाच. तो कुणाच्याही घरात मुक्काम ठोके आणि त्याच्या लवाजम्याचं खाणंपिणं घरमालकाच्या माथी. लोकांनी घरांची दारं मोडून आत शिरायला अवघड भुयारी वाटा केल्या, असं वजीर रशीदुद्दीन यानं लिहून ठेवलं आहे. फुकटात उतरणाऱ्याचं बिल कुणीतरी भरतच होतं, आणि ते भरणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

१२९५ मध्ये इस्लाम स्वीकारून गाझान खान गादीवर आला. त्याच्या सुधारणांत मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती पाइझ्याची. जुने रद्द झाले. नव्यावर धारकाचं नाव कोरलं जाई आणि दप्तरात नोंद होई. दूतांचा खर्च रयतेवर न टाकता खजिन्यातून द्यायचं ठरलं. अधिकारी पदावरून गेला की पाइझा परत करायचा.

हॉटेलच्या कोडात नेमकी हीच सोय नाही. नोकरी सुटली तरी आकडे डोक्यात राहतात, ते परत कसे घेणार? म्हणून काउंटरवरचा पोरगा ओळखपत्र मागतो, आणि तेही चालू वर्षाचं.