आजीचं फडकं

आमच्या आष्ट्याच्या घरात पिण्याच्या हंड्यावर कायम एक दुहेरी पांढरं फडकं असायचं. दारात नळ आला तरी आजी पाणी त्यातूनच गाळायची. आम्ही पोरं हसायचो. मग ती लुगडं जरासं वर करून घोट्याजवळचा व्रण दाखवायची. "नारू झालाता मला."

तिचं माहेर जतकडचं, दुष्काळी. पाण्याला पायऱ्यांची विहीर. आधी पायावर फोड आला, आगडोंब उसळला, मग फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी डोकावलं. एवढं दिसलं की कुणीही ओळखायचं, डॉक्टर लागत नसे. औषध नव्हतंच. तो जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. लांबी दोन-तीन फूट. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजून पू व्हायचा. माणूस कित्येक आठवडे खाटेवर.

मला वाटायचं, नारू पायातूनच शिरत असणार. प्रत्यक्षात तो तोंडावाटे येतो! आग शमवायला रोगी विहिरीत पाय बुडवतो, तेव्हा जंत पाण्यात असंख्य पिल्लं सोडतो. ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलकीटकाच्या पोटात जातात. ते पाणी पिणाऱ्याला साधारण वर्षभराने नारू होतो. सायक्लॉप्सचा हा संबंध रशियन संशोधक फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास दाखवून दिला. सायक्लॉप्स फडक्यात अडकतो, इतकं साधं.

तरी भारताचा नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू व्हायला १९८० चं दशक उजाडलं. महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता. लस नाही, गोळी नाही. पायविहिरी बदलल्या, हातपंप बसवले, पाण्यात टेमेफॉस टाकलं आणि घरोघरी गाळायचं फडकं पोचवलं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. जगात १९८६ साली अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२४ मध्ये फक्त १५, तेही आफ्रिकेत.

माझी भाची डॉक्टर आहे. तिने नारू पुस्तकातच पाहिलाय. चांगलंच आहे ते. पण आजीला सायक्लॉप्स माहीत नव्हता, मग गाळायची सवय तिला लावली कुणी? हसण्याच्या नादात विचारायचं राहूनच गेलं.

असो. फडकं मात्र आईने अजून जपून ठेवलंय.