हिमोफिलिया, सांधा आणि पाखाडी : भौतिकोपचाराच्या इतिहासाचे एक प्रकरण

हिमोफिलियाचा इतिहास आजवर बहुधा रक्ताचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. १८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन ओटो यांनी रक्तस्रावी पुरुषांच्या एका घराण्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९३७ मध्ये पाटेक व टेलर यांनी रक्तद्रवातील गोठणकारी द्रव्य ओळखले. १९५२ मध्ये ‘ख्रिसमस रोग’ हा त्याचा दुसरा प्रकार वेगळा काढण्यात आला. ही परंपरा महत्त्वाची खरी. परंतु रुग्णाच्या आयुष्याचा निर्णय बहुतेक वेळा सांध्यात लागतो. तीव्र हिमोफिलियातील सुमारे ७० ते ८० टक्के रक्तस्राव सांध्यांत होतात, व त्यांतही गुडघा, घोटा आणि कोपर ह्यांत विशेषेकरून. साचलेल्या रक्ताने सांध्याचे अस्तर सुजते, सुजलेले अस्तर पुन्हा सहज फुटते, आणि कूर्चा झिजत जाते. वेदनेमुळे रुग्ण गुडघा वाकवून ठेवतो. मांडीचा स्नायू कृश होतो. दुर्बल स्नायू सांध्यास सावरू शकत नाही, आणि पुढचा रक्तस्राव ओढवतो.

ह्या चक्राचा अर्थ गावागणिक बदलतो. कुडाळ तालुक्यात, कर्ली नदीच्या काठी, लक्ष्मीनारायणाच्या देवालयासाठी आणि त्याच्या तळ्यासाठी प्रसिद्ध असलेले वालावल हे गाव डोळ्यांसमोर आणावे. दक्षिण कोकणात एका वाडीतून दुसरीकडे जावयाचे म्हणजे जांभ्या दगडाची पाखाडी चढावी-उतरावी लागते; भाताची लावणी चिखलात वाकून होते; जेवणास मांडी घालून व शौचास उकिडवे बसण्याची पिढीजात रीत आहे. जो मुलगा शेतात उतरू शकत नाही त्यास मुंबईची गिरणी हाच एके काळी दुसरा मार्ग होता, आणि आखडलेल्या गुडघ्याने तोही बंद होई. चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवर चालणाऱ्या घरास हे नुकसान साधे नव्हते.

ज्ञान मात्र मुंबईत साठत होते. १९५२-५३ च्या सुमारास के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे भारतातील पहिले विद्यालय सुरू झाले. त्याच आवारातील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला. स्नायूचे शास्त्र आणि रक्ताचे शास्त्र अशी एकमेकांच्या शेजारी होती. परंतु हिमोफिलियाच्या रुग्णापाशी त्यांची भेट घडविण्यास गोठणकारी घटक हवा होता. तो नसता व्यायाम म्हणजे नव्या रक्तस्रावास निमंत्रण. म्हणून जगभर वैद्य विश्रांती व प्लास्टर ह्यांचाच आश्रय घेत. सांधा वाचविण्यासाठी दिलेली ती विश्रांती दीर्घ झाली की स्नायूचा ऱ्हास करी. दोष वैद्यांचा नव्हता. त्यांच्या हाती दुसरे साधनच नव्हते.

१९५८ पासून स्वीडनमध्ये रक्तस्रावापूर्वीच घटक देण्याची प्रतिबंधक पद्धती सुरू झाली, आणि १९६४ मध्ये ज्युडिथ पूल यांनी क्रायोप्रेसिपिटेटची सोपी रीत दाखविली. आता व्यायाम निर्भय होऊ लागला : प्रथम घटक व थोडी विश्रांती, वेदना ओसरताच सांधा न हलविता मांडीचे स्नायू आवळणे, मग हळूहळू हालचाल, व शेवटी शरीराचा भार. भारतात घटकाची किंमत सामान्य घरास परवडणारी नव्हती. १९८३ मध्ये स्वतः ह्या रोगाचे रुग्ण असलेले अशोक वर्मा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या हिमोफिलिया फेडरेशनने ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. त्याच दशकात दूषित रक्तद्रव्यांतून एड्सचा विषाणू पसरल्याने जगभरातील रुग्णांवर नवे संकट आले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियास मान्यता दिली.

‘जीवनाचा दर्जा’ कशाने मोजावा, ह्या प्रश्नास भारतीय उत्तर वेल्लोरहून आले. तेथील वैद्यांनी २००५ व २००७ च्या निबंधांतून मांडलेल्या मोजणीच्या अंतिम रूपात आठ क्रिया आहेत : जेवण व प्रसाधन, स्नान, वस्त्र नेसणे, खुर्चीवरून उठणे, उकिडवे बसणे, चालणे, पायऱ्या चढणे आणि धावणे. प्रत्येकीस १ ते ४ गुण, एकूण ३२. क्ष-किरणचित्र सांध्याची झीज दाखविते. ही मोजणी माणूस काय करू शकतो ते दाखविते. उकिडवे बसणे व पायऱ्या चढणे तीत असल्याने ती वालावलच्या माणसास आपली वाटेल.

ह्यावरून एक निष्कर्ष निघतो. घटक रुग्णालयातून येतो. वालावलच्या रुग्णास त्यासाठी तालुक्यास, बांबोळीस वा मुंबईस जावे लागते. स्नायू मात्र घरीच, रोज, शिकलेल्या व्यायामाने घडतो. एकाविना दुसरे अपुरे आहे : घटकाविना व्यायाम धोक्याचा, आणि व्यायामाविना घटक आखडलेला गुडघा सरळ करीत नाही. रोगाच्या इतिहासात पुढे काय घडले हे पाहणाऱ्याने औषधाच्या कुपीबरोबर पाखाडीकडेही पाहावे. रुग्ण ती आपल्या पायांनी उतरून देवळात जाऊ शकतो काय, ह्या साध्या प्रश्नाच्या उत्तरात उपचाराचे यश सामावलेले असते.