फिलिबस्टर म्हणजे काय? अमेरिकेत ५४ मतं मिळूनही प्रस्ताव का पडतो?

डिसेंबर २०१२. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात सँडी हुक शाळेत गोळीबार झाला. २० लहान मुलं आणि शाळेतले ६ जण मारले गेले. चार महिन्यांनी सिनेटमध्ये एक प्रस्ताव आला: बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचा नियम प्रदर्शनांतल्या आणि इंटरनेटवरच्या विक्रीलाही लावा. बाजूने ५४, विरोधात ४६. प्रस्ताव पडला!

कारण त्याला ६० मतांची अट होती, आणि ही अट येते फिलिबस्टरमधून. सिनेटचे सदस्य १०० आहेत. चर्चा थांबवून मतदान घ्यायचं तर त्यातल्या ६० जणांची संमती लागते. ती मिळाली नाही, तर विधेयक अडकून पडतं. म्हणजे ४१ जण अडून बसले की ५९ जणांचं काही चालत नाही. आपल्या संसदेत साधं विधेयक साध्या बहुमताने मंजूर होतं, त्यामुळे हे आपल्याला विचित्र वाटतं.

पूर्वी अडवणाऱ्याला निदान उभं राहून बोलावं तरी लागायचं. १९५७ मध्ये नागरी हक्क विधेयकाविरोधात स्ट्रॉम थर्मंड सलग २४ तास १८ मिनिटं बोलले. आता विरोध कळवला तरी पुरतं, घसा कोरडा करायची गरज नाही.

हे सगळं संविधानात असेल असं वाटतं ना? त्यात याचा उल्लेखही नाही. हा सिनेटचा स्वतःचा नियम आहे. चर्चा थांबवायची सोयच १९१७ मध्ये आली, तीही दोन तृतीयांश मतांनी. १९७५ मध्ये ते प्रमाण ६० वर आलं.

समर्थक म्हणतात, यामुळे दोन्ही पक्षांना एकत्र बसून मार्ग काढावा लागतो. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण दक्षिणेतल्या सदस्यांनी हेच हत्यार कृष्णवर्णीयांच्या हक्कांविरोधात अनेक वर्षं वापरलं, हेही खरं. शिवाय सोयीनुसार अपवाद केलेच आहेत. २०१७ पासून सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश साध्या बहुमताने नेमले जातात, तेही तहहयात!

मग नियम बदलत का नाहीत? जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्कांच्या विधेयकासाठी तसा प्रयत्न झाला. डेमोक्रॅटिक पक्षाच्याच जो मँचिन आणि किर्स्टन सिनेमा यांनी विरोधात मत दिलं आणि तो ४८ विरुद्ध ५२ असा फसला.