भलत्याच झाडाचं नाव

शिरूर-दौंडकडे डाळिंबाला फुलं-फळं धरली की सुरसा अळीच्या धास्तीने निंबोळी अर्क निघतो. ५ किलो भरड रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळायची, पाणी घालून अर्क १०० लिटर करायचा. फवारा मात्र ऊन उतरल्यावर. उन्हात त्यातलं द्रव्य टिकत नाही. झाड बांधावरचं, भरड घरची. मग दुकानातल्या निंबोळी अर्काच्या बाटलीवर ‘अ‍ॅझाडिरॅक्टिन’ कसं? त्या नावामागे लागलो आणि भलत्याच झाडाखाली पोचलो.

हे नाव आपल्या कडुलिंबाचं नाहीच. त्याच्या चुलतभावाचं, बकाणाचं. फारसीत बकाणाला ‘आझाद दरख्त’ म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दोघांना एकाच घरात घातलं आणि तेच फारसी नाव किंचित फरकाने दोघांनाही देऊन टाकलं. १८३०मध्ये जुस्यूने लिंबाला वेगळं काढलं, पण उसनं नाव त्याच्याच गळ्यात राहिलं. १९६८ साली बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी बियांतून अळीची भूक मारणारं द्रव्य निराळं केलं, तेही त्याच नावाने.

आझाद का? कीड शिवत नाही म्हणून, असं सर्रास सांगतात. मला ते मागाहून चिकटवलेलं वाटतं. काजूला छळणारा ढेकण्या लिंबाचेही कोवळे शेंडे वाळवतो. आणि फारसीत सरूचं झाडही आझादच. कवी सादीने कारण दिलंय, त्याला फळांचं येणं-जाणं नाही, म्हणून तो सदा ताजा. बकाण तर घोसांनी लगडतो! पण ते फळ विषारी. ज्याच्या फळावर कुणाचा डोळा नाही, ते झाड मोकळंच की. हा तर्क माझा, आणि मी तो सोडणार नाही.

घरच्या नावाचीही गंमत आहे. संस्कृतात निंब, आपल्या तोंडी लिंब. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताच्या व्याकरणात ‘न’चा हा ‘ल’ खास नियम करून नोंदवला आणि त्याच नियमात ‘नापित’मधल्या ‘न’चा ‘ण्ह’ही बसवला, आपला न्हावी त्याच वाटेचा. दोन्ही रूपं त्याला चालत होती. शिरूर तालुक्यात अजून चालतात: निमगाव म्हाळुंगी, निमगाव भोगी, निमगाव दुडे. पाटीवर ‘न’, पण दुपारी टेकायचं ते लिंबाखाली.

त्यातल्या म्हाळुंगीपाशी मी अडकतो. मातुलुंगाचं म्हाळुंग झालं, लिंबूवर्गातलं ते जाड सालीचं फळ. म्हाळुंगे नावाची गावं पुणे जिल्ह्यात आणखीही आहेत, मान्य. पण फळझाड आणि त्याचं औषध एकाच पाटीवर, असं गाव मला दुसरं भेटलेलं नाही.