कणगी आणि करंडी

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे तह आणि लढाया उभ्या राहतात; चुलीवरच्या कालवणाचाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. बटाटा आणि कोबी ही नावे मराठी-कोंकणीत पोर्तुगीजांकडून आली. पण गोव्याच्या बाजारात आज या भाज्या येतात त्या मुख्यतः बेळगांवकडून, घाट उतरून.

बेळगांवच्या पश्चिम भागातील लहान शेतकऱ्याची जुनी शेती घरापुरतीच होती. पावसाळ्यात भात, मागाहून त्याच ओलीवर मसूर, आणि परसात चार वांगी-मिरच्या. भाजी शेजारणीच्या सुपात घालावयाची. ती विकावयाची वस्तू नव्हे. 1888 साली मुरगांवचा लोहमार्ग घाट चढून कॅसलरॉकला पोहोचला. पुढे मालमोटारी आल्या, आणि नाशवंत मालास दूरचा बाजार खुला झाला. तेव्हा मुंबई राज्यात असलेल्या या जिल्ह्यास 1948 चा कूळकायदा लागू झाला. जमिनीची शाश्वती असलेले कूळच विहिरीत पैसा घालण्यास धजते, हे उघड आहे.

परंतु या बदलाची किंमतही मोठी होती. कणगीतले भात थांबते. करंडीतला कोबी थांबत नाही. ज्यास संध्याकाळच्या आत माल विकलाच पाहिजे, त्याने भावासाठी हट्ट कसा धरावा? बियाण्यासाठी अडत्याकडून उचल घेतली, की विक्रीही त्याच्याच दारी. पूर्वी पाऊस चुकला तर घर उपाशी राही. आता पाऊस साधूनही भाव पडला की घर कर्जात बुडते.

बाजाराची वाट दोनदा बंद झाली. 1955 साली भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा शेजारचा बेळगांव परका झाला आणि गोव्यात हॉलंडहून बटाटे आले. 1961 साली गोवा मुक्त झाला आणि वाट पुन्हा मोकळी झाली. पुढे 2020 च्या मार्चात टाळेबंदीने वाहने अडली. घाटाखाली भाजीचा दुष्काळ पडला आणि घाटावर उभा माल शेतातच राहिला.

या दोन्ही प्रसंगांवरून आम्हांस एवढेच दिसते, की घाटावरचा मळा आणि घाटाखालचे स्वयंपाकघर ही एकाच संसाराची दोन टोके आहेत. म्हणून भाजीचा भाव करताना, ज्या घराने आपली कणगी मोडून ही करंडी भरली, त्याचे स्मरण आपण ठेवावे.