वाडीचं नाव ठरावाच्या वहीत

मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याकडे येते ती कर्जाचे हप्ते, बँकेचे फॉर्म, गटाचं दप्तर असलं काहीतरी घेऊन. आज त्यातलं काहीच आणलेलं नाही. आज थोडा इतिहास सांगायचा आहे. बी.ए.ला माझा विषय इतिहासच होता. त्यात पेशवे होते, पानिपत होतं, पण आपली ग्रामपंचायत कुठे भेटली नव्हती.

विषय निघाला तो एका मावशींमुळे. खडवलीच्या पट्ट्यातल्या एका कातकरी वाडीवर आमची बैठक चालली होती. मी ग्रामसभेला या, ग्रामसभेला या म्हणून सांगत होते. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, गावाची पंचायत गावात बसते. आमची कुठं बसते?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. म्हणून पुस्तकं काढली. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या मार्गावरची आगगाडी कल्याणहून वाशिंदपर्यंत पोचली ती १ ऑक्टोबर १८५५ रोजी. म्हणजे रुळांनी आपला मुलूख एकोणिसाव्या शतकातच गाठला. रुळांपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेल्या वाडीपर्यंत ग्रामपंचायतीला पोचायला मात्र त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं लागली. काही वाड्यांवर ती अजून पोचायचीच आहे.

पूर्वी पंचायत नव्हती का? होती, पण तिचं रूप वेगळं होतं. मराठेशाहीत गावातला तंटा गोतसभेपुढे जायचा. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, जाणती माणसं बसायची आणि निवाडा लिहिला जायचा. त्या कागदाला महजर म्हणत. लिहिता न येणारा आपली निशाणी करायचा. पाटलाची निशाणी नांगर. ज्याच्या हातात जे हत्यार, ती त्याची खूण. जुन्या खरेदीखतांत बाईच्या नावापुढे 'निशाणी बांगडी' असं लिहिलेलं आढळतं. म्हणजे जमिनीच्या कागदावर कधीमधी बांगडी उमटायची, पण तंटा सोडवायला बसलेल्यांत बांगड्या भरलेला हात बहुधा नसायचा.

आणि वाडी? जो गावात वतनदार, त्याचा मान त्या सभेत. कातकरी समाज खैराच्या झाडापासून कात काढायचा, त्यावरूनच त्याला नाव पडलं. जंगल जिथे, तिथे त्याची खोपटी. त्याला ना वतन, ना बलुतं. त्यामुळे गावाच्या हिशेबात तो गावाबाहेरचाच राहिला. आज महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार सर्वांत दुर्बल आदिम जमाती म्हणतं, त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर आपले कातकरी आहेत.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा झाला १९२० साली. पुढे तो बदलून नवा करायचं ठरलं, तेव्हा १९३२ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यावर बोलले. सगळे जुन्या पंचायतींचं कौतुक करत होते. बाबासाहेबांनी विचारलं ते वेगळंच. गावात ज्यांची संख्या थोडी, ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नाहीत, त्यांचं या पंचायतीत काय होणार? सगळ्यांना मत दिलं तरी थोडक्यांचा माणूस निवडून येणार नाही, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मैत्रिणींनो, त्यांचा मुद्दा आपल्या वाडीला लावून बघा. गावठाणात चारशे मतं आणि वाडीवर साठ. हात वर करून निकाल लागणार असेल तर साठांचं काम कधी होणार?

याच काळातली आणखी एक गोष्ट आपल्या अगदी शेजारची आहे. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे काही वारली तिथे आले होते. त्यांनी तिथे आपली वेठबिगारीची गोष्ट सांगितली. मग गोदावरी परुळेकर आणि त्यांचे साथी त्या भागात गेले, पाड्यापाड्यांतून पायी हिंडले. त्याच वर्षी २३ मे रोजी तलासरीजवळ झरी गावात मोठी सभा झाली आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरलं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की विखुरलेली माणसं सभेला आली, कारण आधी कुणीतरी त्यांच्या दारापर्यंत चालत गेलं होतं. पाड्यावरच्या माणसाला नुसती नोटीस लावून बोलावता येत नाही. नोटीस लागते पंचायतीच्या फळ्यावर, आणि तो फळा असतो गावात.

स्वातंत्र्य आलं. राज्यघटनेच्या ४० व्या कलमात ग्रामपंचायती स्थापन करा असं सरकारला सांगितलं गेलं. आपल्याकडे १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला, तोच आजही दुरुस्त्यांसह चालू आहे. लहान लहान गावं आणि वाड्या एकत्र करून गटग्रामपंचायती झाल्या. सदस्य कमीत कमी सात, जास्तीत जास्त सतरा. एका प्रभागात दोन किंवा तीन सदस्य. कागदावर वाडी आता पंचायतीच्या आत आली. पण ती कुठल्या प्रभागाला जोडली जाते, यावर पुढचं सगळं ठरतं. वाडीची मतं एका प्रभागात राहिली तर तिचा एखादा माणूस निवडून येतो. ती दोन प्रभागांत फुटली, तर दोन्हीकडे तिचा उपयोग फक्त मतापुरता.

बायांचं काय झालं तेही ऐका. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने शिफारस केली की पंचायतीत दोन बायांना घ्यावं. त्या बहुतेक नावापुरत्याच असायच्या. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात मात्र सगळीच्या सगळी पंचायत बायांची निवडून आली. १९९० मध्ये महाराष्ट्राने बायांना ३० टक्के जागा दिल्या. २४ एप्रिल १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. गोतसभेपासून निम्म्या खुर्च्यांपर्यंत आपण आलो, तो असा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणींना ती माहीत नसते. आपल्या पुढचं स्टेशन वाशिंद. ते शहापूर तालुक्यात. आपण कल्याण तालुक्यात. १९८५ च्या आदेशाने ठाणे जिल्ह्यातले अनुसूचित क्षेत्र ठरले. त्यात शहापूर तालुका पूर्ण आहे, मुरबाडची ७७ आणि भिवंडीची ७२ गावं आहेत. कल्याण तालुक्याचं एकही गाव नाही. जिथे आदिवासींची वस्ती जास्त आणि सलग, तेच भाग यादीत घेतात.

याने फरक काय पडला? १९९६ साली पेसा कायदा आला. तो फक्त अनुसूचित क्षेत्राला लागू. त्यात गाव म्हणजे नुसतं महसुली गाव नव्हे, एखादा पाडासुद्धा गाव धरता येतो. महाराष्ट्राचे पेसाचे नियम २०१४ साली आले. त्याप्रमाणे पाड्यातल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला, तर पाडा आपली वेगळी ग्रामसभा मागू शकतो. तिचा वेगळा कोष असतो. म्हणजे मावशींची बहीण शहापूर तालुक्यातल्या पाड्यावर दिली असेल, तर ती म्हणू शकते, "आमची पंचायत आमच्या झाडाखाली बसते." मावशी तसं म्हणू शकत नाहीत. भाषा तीच, देव तेच, बोअरवेलचं पाणी मार्चमध्ये आटतं तेही तसंच. फक्त मध्ये तालुक्याची हद्द आहे.

मग आपल्या बाजूच्या वाडीने काय करायचं? इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

लग्न होऊन सासरी आले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. गावाचं नाव सांगत नाही. एका दुपारी पंचायतीची वही घरी आली. "वहिनी, महिला सभेची सही करा." मी भाकरी टाकत होते. हात पुसला आणि सही केली. सासूबाईंनी अंगठा दिला. पुढच्या घरी वही गेली. सभा काही झालीच नाही.

काही वर्षांनी गटांचं काम करू लागले, तेव्हा त्या सभेचं इतिवृत्त वाचनात आलं. दोन कामांपैकी एक निवडायचं होतं. वाडीपर्यंत पाण्याची पाइपलाइन किंवा गावठाणातल्या रस्त्याचं काँक्रीट. इतिवृत्तात लिहिलं होतं, उपस्थित महिलांनी एकमताने रस्त्याला पसंती दिली. खाली सह्या. त्यात माझी सही, चांगल्या वळणदार अक्षरात.

त्या वाडीवरच्या बाया तेव्हा दोन हंडे घेऊन ओढ्याच्या डवऱ्यावर जायच्या. मी बी.ए. झालेली बाई. न वाचता केलेल्या माझ्या सहीने त्यांचं पाणी आणखी लांबलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही वहीवर, आधी वाचल्याशिवाय सही करत नाही.

कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती यासाठीच, की पुरुषांपुढे जे बोलता येत नाही ते आधी बोलून ठराव करता यावा. वर्षाला चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक ठिकाणी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. आता वाडीचं वर्ष बघा. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडाला. म्हणजे २६ जानेवारीला वाडी रिकामी, १ मेलाही रिकामी. चारांतल्या दोन सभा त्यांच्यासाठी झाल्याच नाहीत असं समजा. आणि सभेला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांतले जे कमी तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. चार डोकी बसूनही ठराव होतात.

हे लक्षात आल्यावर आम्ही वाडीच्या वर्षाप्रमाणे काम ठरवलं. भातलावणी उरकली, की १५ ऑगस्टच्या आधीच्या आठवड्यात महिला सभा, आणि ती वाडीवरच्या अंगणवाडीत. त्यासाठी पंचायतीला लेखी पत्र दिलं, पोच घेतली. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही. आम्ही पुन्हा पत्र दिलं. दुसऱ्या वर्षी ग्रामसेवक वही घेऊन वाडीवर आले. बाया आधी गप्पच बसल्या. मग एकजण पाण्याबद्दल बोलली, दुसरी स्मशानाच्या वाटेबद्दल, तिसरी म्हणाली, "भट्टीवर गेलो की पोरांची शाळा बुडते, त्याचं काय?" तीन विषय, तीन ठराव. प्रत्येक ठरावात वाडीचं नाव लिहायला लावलं. नुसतं 'गावातील पाणी' लिहिलं तर ते पाणी गावठाणातच थांबतं, हे आता आम्हाला कळलेलं होतं.

खोटं सांगत नाही. पाणी यायला पुढे दीड वर्ष लागलं. स्मशानाची वाट अजून व्हायची आहे. पण दर सभेत मागच्या ठरावाचं काय झालं हे विचारता येतं, कारण तो वहीत आहे. तोंडी मागणी भट्टीवर गेलं की विसरली जाते. लिहिलेला ठराव वाडी परत येईपर्यंत तिथेच असतो.

तेव्हा गटातल्या बायांनो, येत्या बैठकीत एवढं करा. आपल्या पंचायतीत कुठल्या वाड्या आहेत, त्या कुठल्या प्रभागात आहेत ते लिहून काढा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. ते कुठे गेले ते सभेत विचारा. आणि वही घरी आली तर "सभा कुठे आहे? आम्ही येतो" असं सांगा.

मावशींच्या प्रश्नाला आता माझ्याकडे अर्धं उत्तर आहे. गेल्या श्रावणात त्यांची पंचायत अंगणवाडीच्या ओट्यावर बसली होती. सह्यांची वेळ आली तेव्हा ग्रामसेवकांनी शाईचा डबा पुढे केला. मावशींनी तो बाजूला सारला. गटाच्या पासबुकासाठी त्या सही शिकल्या होत्या. त्यांनी पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि वही लगेच दिली नाही. आधी मला म्हणाल्या, "वर काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. सगळ्यांनी ऐकलं. मग वही दुसरीच्या हातात गेली.